आधी बैठक, मग श्वास

प्राणायामासाठी बसावे कसे, याविषयी थोडे

मराठीत 'बैठक' हा शब्द मोठा मानाचा आहे. गवयाची बैठक असते, वडीलधाऱ्यांची सल्लामसलतीची बैठक असते, आणि तासन्‌तास पुस्तकापुढून न उठणाऱ्या मुलाला 'बैठक आहे हो याला' असे आपण कौतुकाने म्हणतो. एखाद्याच्या बोलण्यात नुसती वाफ असली तर 'त्याच्या विचारांना बैठक नाही' असे म्हणून जाणती माणसे बाजूला होतात. बसण्याच्या एका साध्या क्रियेतून आपल्या भाषेने एवढे अर्थ काढले आहेत.

आपल्या मॉरिशस बेटावर या शब्दाला आणखी एक अर्थ आला. १८३४ पासून मजुरीच्या करारावर जी माणसे या बेटावर उतरली, त्यांत रत्नागिरीकडून आणि कोकणच्या इतर गावांतून आलेले आपले पूर्वजही होते. दिवसभर उसात राबून आलेली ही भारतीय माणसे संध्याकाळी जेथे जमत, पोथी ऐकत, मुलांना अक्षरे शिकवीत, त्या जागेचे नावच 'बैठका' पडले. त्या बैठकांत बाके नव्हती. खाली चटई, नाही तर साखरेची रिकामी गोणी. गोणी हा शब्द आपल्या क्रेओलमध्येही तसाच राहिला आहे. त्या गोणीवर मांडी घालून आपली भाषा या बेटावर टिकली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आज हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा योगदिन ठरवला आणि २०१५ पासून तो जगभर व आपल्या बेटावरही पाळला जातो. त्या दिवशी मैदानावर चटया पसरल्या जातात. फिनिक्स येथील इंदिरा गांधी भारतीय संस्कृती केंद्रात व गावोगावच्या मंडळांत योगाचे वर्ग चालतात. आपली माणसे उत्साहाने जातात. पण वर्गातून परत आल्यावर अनेक जण आम्हांला एकच गोष्ट विचारतात: "गुरुजी, श्वास लांब घ्या, सावकाश सोडा असे सांगतात. पण पाच मिनिटांत पाय बधिर होतो, कंबर दुखते, गुडघा ओरडतो. मग लक्ष श्वासाकडे जाणार कसे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर 'सवयीने जमेल' एवढेच देऊन भागत नाही. बसणे ही स्वतंत्रपणे शिकायची गोष्ट आहे, आणि ती श्वासाच्या आधी शिकायची आहे.

बसणे हरवले कोठे?

आपल्या घरांकडे पाहा. पणजोबा-आजोबांच्या काळी जेवण पाटावर किंवा चटईवर होई. तांदूळ निवडणे, भाजी चिरणे, न्हाणीत कपडे धुणे, पूजा, भजन, बाळंतिणीची शेक-शेगडी, सगळे जमिनीशी. दिवसातून वीस-पंचवीस वेळा माणूस खाली बसे आणि उठे. उसाच्या मळ्यात उकिडवे बसून घटकाभर विसावा घेणे हे तर रोजचेच. कोणी त्याला व्यायाम म्हणत नव्हते; पण खुबा, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे त्यामुळे वंगण घातल्यासारखे फिरत राहात.

मग टेबल आले, खुर्ची आली, सोफा आला. शाळेत बाक, कचेरीत खुर्ची, बसमध्ये आसन, घरी दूरचित्रवाणीपुढे पुन्हा सोफा. यात कोणाचा दोष नाही, सुखसोयी सर्वांनाच हव्या असतात. परंतु सांधा वापरला नाही तर त्याची फिरण्याची कक्षा हळूहळू आखडते. आम्ही वर्गात मुलांना कधी गोष्टीसाठी चटईवर बसवतो, तेव्हा दहा वर्षांचे पोरही थोड्या वेळात एका हातावर रेलते, मग पाय पसरते, मग पाठ भिंतीला लावते. ते खोडकर नसते. त्याच्या अंगाला ती बैठक परकी झालेली असते. दहा वर्षांच्या मुलाची ही स्थिती, तर पंचेचाळिशीच्या बापाकडून एकदम पद्मासनाची अपेक्षा कशी करावी?

जुन्या ग्रंथांचे म्हणणे

पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगे सांगितली आहेत. यम आणि नियम यांच्यानंतर तिसरे अंग आसन आणि चौथे प्राणायाम. हा क्रम सहज पडलेला नाही. आसन साधल्यावर मग प्राणायाम, असे पतंजली स्पष्ट सांगतात. आणि आसनाची त्यांची व्याख्या किती लहान! ज्यात शरीर स्थिर राहते आणि सुख वाटते ते आसन, एवढेच. कोणत्या पायावर कोणता पाय, हे त्यांनी सांगितलेच नाही. उलट ताण सैल सोडल्याने आसन साधते, असे ते म्हणतात. दात-ओठ खाऊन घातलेले पद्मासन पतंजलींच्या कसोटीला उतरत नाही, आणि आजीने भिंतीजवळ उशीवर घातलेली साधी मांडी उतरू शकते. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात जागा स्वच्छ असावी, आसन फार उंच नसावे व फार खाली नसावे, आणि धड, मान, मस्तक एका रेषेत असावे, असे सांगितले आहे. १२९० साली ज्ञानेश्वर महाराजांनी याच अध्यायावर लिहिताना जागा कशी शांत असावी, आसन कसे घालावे, टाच कोठे यावी, याचे वर्णन आपल्या मराठीत विस्ताराने केले. संस्कृत न येणाऱ्या माणसालाही बसायचे कसे हे कळावे, ही माउलींची कळकळ त्यात दिसते.

पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामांनी हठप्रदीपिका रचली. त्यातही पहिला उपदेश आसनांचा आणि दुसरा प्राणायामाचा आहे. आसने चौऱ्याऐंशी सांगितली असली तरी त्यांतली सिद्ध, पद्म, सिंह आणि भद्र ही चार मुख्य मानली आहेत, आणि ही चारही बसून करायची आहेत.

अलीकडच्या काळात या विषयाला प्रयोगाची जोड देणारे पुरुष म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३. खानदेशात अमळनेरला ते शिक्षणकार्यात होते, म्हणून आम्हां शिक्षकांना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटते. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसने व प्राणायाम करताना शरीरात काय घडते, हे क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे लावून तपासण्याचा त्यांनी यत्न केला. स्वस्तिकासन, समासन, सिद्धासन आणि पद्मासन ही ध्यानाची आसने म्हणून त्यांनी इतर आसनांपासून वेगळी काढली. शरीर वाकवणारी आसने निराळी आणि शरीर विसरायला लावणारी आसने निराळी, हा त्यातला मथितार्थ.

ताठ बसण्याने काय होते?

येथे एक छोटा प्रयोग करून पाहा. खुर्चीच्या पाठीला टेकून, खांदे पुढे पाडून, पोक काढून बसा आणि खोल श्वास घ्या. आता पुढे सरकून पाठ सरळ करा आणि पुन्हा घ्या. फरक लगेच कळेल.

कारण साधे आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक स्नायू आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. आपण श्वास घेतो तेव्हा हा घुमट खाली सपाट होतो, पोटातले अवयव थोडे खाली-पुढे सरकतात, बरगड्या बाहेर उघडतात आणि फुप्फुसांत हवा शिरते. पोक काढून बसल्यावर बरगड्या पोटावर येऊन बसतात. श्वासपटलाला खाली जायला वाव राहात नाही. मग श्वास वरच्या वर छातीत घेतला जातो, खांदे उचलले जातात, मान ताठरते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो, आणि दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते. श्वास उथळ झाला की तेवढ्याच हवेसाठी वेळा वाढवाव्या लागतात. मंद आणि दीर्घ श्वास हवा असेल तर श्वासपटलाला मोकळी जागा द्यावी लागते, आणि ती जागा सरळ पाठ देते.

मग पाठ वाकते का? पाठीच्या अशक्तपणामुळे नेहमीच नव्हे. मांडी घातल्यावर खुबे आखडलेले असले की गुडघे वर राहतात. गुडघे वर राहिले की कमरेचा सांगाडा मागे कलंडतो, आणि कंबर मागे गेली की वरची पाठ पुढे पडते. घराचा पाया कलला तर भिंत सरळ राहील का? म्हणून 'पाठ सरळ ठेवा' असे वारंवार ओरडून उपयोग नाही. पाया दुरुस्त करावा लागतो.

पहिला धडा: उंची

पाया दुरुस्त करण्याचा उपाय प्रत्येक घरात आहे. एक जाड कांबळे किंवा दोन सोलापुरी चादरी घट्ट घडी करून चार बोटे ते वीतभर उंचीची बैठक करावी. मऊ उशी नको, ती खाली दबते. त्या घडीच्या पुढच्या कडेवर बसावे. सगळे मांडीखाली घ्यायचे नाही, फक्त बूड वर हवे. नितंबांचे मांस हातांनी किंचित मागे सारून बसलात तर खाली दोन हाडे टेकलेली जाणवतील. वजन त्या दोन हाडांवर सारखे यावे. आता गुडघ्यांकडे पाहा. ते कमरेच्या पातळीला किंवा त्याहून खाली आले असतील तर उंची बरोबर आहे. वर राहिले असतील तर आणखी एक घडी घ्या. गुडघा अधांतरी राहात असेल तर त्याखाली लहान उशी किंवा टॉवेलची गुंडाळी द्यावी.

रविवारी आपण समुद्रकिनाऱ्यावर जातो तेव्हा हाच धडा वाळूवर गिरवता येतो. बुडाखाली वाळूचा उंचवटा करावा, गुडघ्यांखालची वाळू थोडी उकरावी आणि मांडी घालून बसावे. काही न करता पाठ आपोआप उभी राहते. मुलांना ही गंमत फार आवडते, आणि उंचीचे महत्त्व वाळूवर एकदा पटले की घरी सांगावे लागत नाही.

चार बैठका, सोपीकडून अवघडाकडे

सुखासन. ही आपली रोजची मांडी. दोन्ही नडग्या एकमेकींवरून आडव्या, प्रत्येक पाऊल दुसऱ्या गुडघ्याखाली. घडीवर बसावे. एक दिवस उजवी नडगी पुढे, दुसऱ्या दिवशी डावी. आपण सगळे एकाच बाजूने मांडी घालतो. बाजू बदलली की दोन्ही खुबे सारखे मोकळे होतात.

स्वस्तिकासन. पाय पसरून बसावे. डावा पाय दुमडून त्याचा तळवा उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला लावावा. मग उजवा पाय दुमडून त्याचे पाऊल डावी मांडी आणि पोटरी यांच्या फटीत सरकवावे. डाव्या पायाची बोटे उजवी मांडी व पोटरी यांच्यामधून हलकेच वर काढावीत. पाय असे एकमेकांत अडकले की ते घसरत नाहीत आणि दोन्ही गुडघे जमिनीला टेकतात. दोन गुडघे आणि बूड मिळून रुंद त्रिकोणी पाया तयार होतो. प्राणायामासाठी बहुतेकांना ही बैठक पुरते.

सिद्धासन. डाव्या पायाची टाच शिवणीच्या जागी, उजव्या पायाची टाच तिच्या वर, समोरच्या हाडाला लागून. हठप्रदीपिकेत याची थोरवी फार सांगितली आहे. यालाच काही लोक वज्रासन म्हणतात असाही तेथे उल्लेख आहे, तेव्हा जुन्या ग्रंथात वज्रासन हे नाव आले की आजचे वज्रासनच समजू नये. हे आसन जाणकाराकडून प्रत्यक्ष पाहून शिकावे.

पद्मासन. उजवे पाऊल डाव्या मांडीवर, डावे पाऊल उजव्या मांडीवर, तळवे वर. दिसायला सर्वांत सुंदर आणि घालायला सर्वांत कठीण. ज्यांच्या खुब्यांना मुळात मोकळीक आहे त्यांनी घालावे. बाकीच्यांनी एकच पाऊल वर घेऊन अर्धपद्मासनावर समाधान मानावे, किंवा तेही सोडून द्यावे. त्यामुळे प्राणायामाचे पुण्य कमी होत नाही.

यांखेरीज गुडघे दुमडून टाचांवर बसण्याचे आजचे वज्रासन आहे. ज्यांना मांडी जमत नाही त्यांना कधी कधी हे सोपे जाते, कारण यात कंबर सहज सरळ राहते. घोट्याखाली गुंडाळलेला टॉवेल आणि टाचा व बूड यांच्यामध्ये एक उशी घेतली की बराच भार हलका होतो. मात्र फार वेळ बसू नये. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने पायाकडे जाणारी नस दबून पाऊल उचलता न येण्याचे प्रकार घडलेले आहेत.

गुडघा बिजागरी आहे

येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. आमच्या नात्यातील एक गृहस्थ, वय पन्नाशीच्या पुढे, एका शिबिरात गेले. शिकवणाऱ्याने त्यांचा पाय हाताने उचलून दुसऱ्या मांडीवर चढवला. 'कट्' असा आवाज झाला. पुढचे चार महिने ते काठी घेऊन चालले, जिना चढणे बंद झाले, आणि योगाचे नाव काढले तरी ते आजही हात जोडतात. नुकसान गुडघ्याचे झाले, पण त्याहून मोठे नुकसान असे की ज्या माणसाला मंद श्वासाची खरी गरज होती, तो माणूस त्या वाटेवरून कायमचा परतला.

हे टाळता येण्यासारखे होते. खुब्याचा सांधा उखळीतल्या गोळ्यासारखा आहे, तो सर्व बाजूंना फिरतो. गुडघा मात्र मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा आहे. तो मिटतो आणि उघडतो, पिळ त्याला फारसा सोसत नाही. मांडी घालण्यासाठी लागणारे फिरणे खुब्यात व्हायला हवे. खुबा आखडलेला असताना पाऊल ओढून वर चढवले की तो सगळा पिळ गुडघ्यातल्या कूर्चेवर येतो. म्हणून नियम असा: मांडीच्या वरच्या भागात, खुब्याशी ताण जाणवला तर चालेल, गुडघ्यात टोचल्यासारखे दुखले की त्याच क्षणी पाय सोडावा. आणि कोणीही, कितीही मोठा शिक्षक असो, तुमचा पाय हाताने दाबू लागला तर नम्रपणे 'नको' म्हणावे. त्यात गुरूचा अपमान नाही.

खुबे मोकळे करण्यासाठी रोज पाच मिनिटे पुरतात. पाय पसरून बसावे, एक पाय दोन्ही हातांत बाळासारखा घेऊन, गुडघा आणि पाऊल दोन्ही सांभाळून, पाळणा हलवावा तसा हळूहळू हलवावा. मग दोन्ही तळवे एकमेकांना लावून बसावे, हे बद्धकोणासन. गुडघे हाताने दाबू नयेत. त्यांच्या वजनाने ते आपोआप खाली येतील. आठवड्यांत नाही तर महिन्यांत येतील. दमाने घ्यावे. आपल्या भाषेत 'दमाने' म्हणजे सावकाश. दम म्हणजे श्वासही. दोन्ही अर्थ येथे लागू पडतात.

मधुमेह असलेल्यांनी आणखी जपावे. आपल्या बेटावर २०२१ च्या सरकारी पाहणीत प्रौढांपैकी सुमारे पाचांत एकाला मधुमेह आढळला. म्हणजे हा प्रश्न जवळपास प्रत्येक कुटुंबाचा आहे. या रोगात पुष्कळांच्या पायांची संवेदना कमी होते. टाचेवर किंवा घोट्यावर दाब पडून कातडी सोलली तरी कळत नाही, आणि तेवढ्या जखमेचे पुढे मोठे दुखणे होते. अशांनी जाड आसन घ्यावे, वेळ थोडा ठेवावा आणि उठल्यावर पावले डोळ्यांनी तपासावीत. मुंग्या आल्या असतील तर कोणीही एकदम उभे राहू नये. पाय पसरावे, चोळावे, बोटे हलवावी, मग उठावे. बधिर पायावर उठून पडणारी म्हातारी माणसे आपण पाहिली आहेत.

खुर्चीची लाज नको

गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले, संधिवात असलेले, वजन जास्त असलेले अनेक वडीलधारे भजनाला येणेसुद्धा बंद करतात. खाली बसता येत नाही, आणि सर्व जण खाली असताना आपण एकटे खुर्चीवर बसलो तर कसे दिसेल, हा संकोच. तो संकोच घरच्यांनी घालवावा. प्राणायाम खुर्चीवर उत्तम होतो. खुर्ची लाकडी, न डुगडुगणारी, हातांशिवायची घ्यावी. मागे टेकू नये, पुढच्या अर्ध्या भागावर बसावे. दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकावे. टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. गुडघे कमरेएवढे किंवा किंचित खाली. हात मांड्यांवर. पतंजलींच्या दोन कसोट्या, स्थिर आणि सुखकर, खुर्चीला लावून पाहा. ती दोन्हींत उत्तीर्ण होते.

आता श्वास

वेळ पहाटेची चांगली. पोट हलके हवे. पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास तरी जाऊ द्यावे. क्युरपीप-वाक्वाकडे जुलै-ऑगस्टमध्ये फरशी गार असते आणि वाराही बोचतो. खाली जाड कांबळे, अंगावर शाल, आणि खिडकीच्या झोताच्या बाहेर बसावे. खोलीत हवा खेळती असावी, पण अंगावर झोत नको.

आमच्या शिक्षकी सवयीप्रमाणे आम्ही सहा आठवड्यांचे वेळापत्रक देत आहोत.

पहिला आठवडा: नुसते बसावे, पाच मिनिटे. श्वासाला हात लावू नये. जबडा, खांदे, पोट सैल आहे का एवढे पाहावे.

दुसरा आठवडा: सात मिनिटे. श्वास येतो-जातो तो पाहावा. घड्याळ लावून एका मिनिटात किती श्वास झाले ते मोजून वहीत लिहावे.

तिसरा आठवडा: दहा मिनिटे. मनात चार मोजत पूरक, म्हणजे श्वास आत. चार मोजत रेचक, म्हणजे श्वास बाहेर. दोन्ही नाकानेच. पाच मिनिटे हे, उरलेली पाच नैसर्गिक श्वास.

चौथा आठवडा: पूरक चार, रेचक सहा. धाप लागली किंवा पुढचा श्वास हिसकून घ्यावासा वाटला, तर मोजणी आपल्याला जड आहे असे समजून मागच्या आठवड्यावर यावे.

पाचवा आठवडा: सहज जमत असेल तर चारास आठ. नसेल तर सहावरच राहावे.

सहावा आठवडा: अनुलोम-विलोम. उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट दुमडावे. अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने श्वास घ्यावा. मग अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडावा. उजवीने घ्यावा, डावीने सोडावा. हे एक आवर्तन. अशी पाच ते दहा आवर्तने. हात उचलला म्हणून खांदा वर चढू देऊ नये आणि मान एका बाजूला कलू देऊ नये. पहिल्या पाच आठवड्यांत बैठक पक्की केली ती याचसाठी.

या सहा आठवड्यांत कुंभक, म्हणजे श्वास कोंडणे, कोठेही नाही. ते जाणत्या शिक्षकासमोर, पुष्कळ दिवसांच्या सरावानंतर शिकायचे. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी श्वास कोंडू नये. कपालभाती, भस्त्रिका यांसारखे जोराचे प्रकारही करू नयेत. दमेकऱ्याने आपला फवारा जवळ ठेवावा. चक्कर आली, छातीत दडपले, तर थांबून साधा श्वास घ्यावा. मंद श्वासाने मन निवते, झोप सुधारते, रक्तदाबाला थोडी मदत होते, हे खरे. पण त्यावर विसंबून डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हा योग नव्हे, अविचार आहे.

सहा आठवडे झाले की वहीतला आकडा पुन्हा पाहावा. बसल्यानंतर दहा मिनिटांनी श्वासांची संख्या पूर्वीपेक्षा आपोआप कमी झाली असेल आणि बसलो आहोत याची आठवणही राहात नसेल, तर बैठक साधली असे समजावे.

घरातला प्राणायाम

शेवटी एक गोष्ट. प्राणायाम आपल्या घरांना नवा नाही. गणेशचतुर्थीला, सत्यनारायणाच्या पूजेला यजमान पाटावर बसतो, आचमन होते, आणि लगेच पुरोहित प्राणायाम करायला सांगतात. यजमान काय करतो? नाकाला बोटे लावतो, काढतो आणि पुढच्या मंत्राकडे वळतो. पूर्वजांनी पूजेच्या आरंभी तो श्वास उगाच ठेवलेला नाही. देवापुढे बसण्याआधी माणसाने स्वतः स्थिर व्हावे, हा त्याचा हेतू.

येत्या चतुर्थीला प्रत्येक घरात एवढे करता येईल. यजमानाच्या पाटावर कांबळ्याची एक जाड घडी ठेवा. मुलांना शेजारी बसवा, आजी-आजोबांना खुर्ची द्या, आणि पुरोहितांना आधीच सांगून ठेवा की प्राणायाम म्हटल्यावर आम्हांला तीन श्वासांचा अवधी द्या. तीन सावकाश श्वास घ्यायला अर्धे मिनिटही लागत नाही. तेवढ्यात मुलांना कळेल की नाकाला बोट लावणे म्हणजे नुसता उपचार नव्हे. आणि चतुर्थीपर्यंत थांबायचे तरी कशाला? आज संध्याकाळी जेवणापूर्वी कपाटातले कांबळे काढा, त्याची घडी घाला आणि घरातल्या सर्वांनी पाच मिनिटे नुसते बसून पाहा.